जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: एसएसडी, बॅकअप आणि मधल्या सगळ्या भानगडी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून नात्यातले, ओळखीतले सगळे एकच विचारतायत, "लॅपटॉप चांगला चालतोय रे, फेकून द्यायचा का?" लॅपटॉप बहुतेक वेळा सारखाच असतो. २०१४ ते २०१६ च्या दरम्यान घेतलेला, आय-थ्री किंवा आय-फाइव्ह, चौथी-पाचवी पिढी, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबी किंवा १ टीबीची फिरणारी हार्ड डिस्क. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे हे मशीन अधिकृतपणे बाद. युक्त्या करून टाकता येतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, आणि ४ जीबीवर ते चालतं म्हणण्यापेक्षा रांगतं.

आधी दोन पळवाटा सांगून टाकतो म्हणजे खाली कोणी विचारायला नको. एक, मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी विंडोज १० ला वर्षभराचा जादा सिक्युरिटी सपोर्ट दिलाय, तो १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तेवढंच पुरत असेल तर ठीक, पण प्रश्न पुढे ढकलला जातो इतकंच. दुसरी, व्हिडिओत हल्ली सगळे सांगतात ती विंडोज १० ची आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१. तिचा सपोर्ट खरंच जानेवारी २०३२ पर्यंत आहे, पण ती कंपन्यांना आणि मशीन बनवणाऱ्यांना विकली जाते, तुम्हाआम्हाला दुकानात मिळत नाही, आणि ऑनलाइन चार-पाचशे रुपयांना मिळणाऱ्या किल्ल्या कुठून येतात ते विचारू नका. मी तरी कोणाला सुचवत नाही.

तर मग लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची फुकट सिस्टिम, जिचे उबुंटू, मिंट, डेबियन असे बरेच प्रकार आहेत. पण कुठलंही नाही, एलटीएस. म्हणजे लाँग टर्म सपोर्ट. उबुंटूची एलटीएस आवृत्ती दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि नंबरातच तारीख असते, २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. (पहिलीच एलटीएस तेवढी ६.०६ होती, २००६ च्या जूनमधली, उशीर झाला होता बिचारीला.) एलटीएस आवृत्तीला पाच वर्षं सिक्युरिटी अपडेट मिळतात. मधल्या ज्या साध्या आवृत्त्या असतात त्यांना फक्त नऊ महिने. जुन्या लॅपटॉपवाल्या माणसाला दर नऊ महिन्यांनी सिस्टिम बदलायला लावणं म्हणजे छळ आहे, त्यामुळे डाउनलोडच्या पानावर मोठा नंबर दिसला म्हणून तो उचलू नका, शेजारी एलटीएस लिहिलंय का ते बघा.

आता उबुंटू की मिंट. ४ जीबी रॅम असेल तर माझं मत सरळ आहे: लिनक्स मिंट २२ ची मालिका, एक्सएफसीई नावाच्या डेस्कटॉपची एडिशन. आतून ती उबुंटू २४.०४ च आहे, सपोर्ट २०२९ पर्यंत, पण डेस्कटॉप हलका, खाली डावीकडे मेन्यू, खाली पट्टी, विंडोज ७ वापरलेल्या माणसाला नवीन काही शिकवावं लागत नाही. उबुंटूचा स्वतःचा नोम डेस्कटॉप देखणा आहे पण ४ जीबीत ब्राउझर उघडला की धाप लागते. ८ जीबी असेल तर उबुंटू घ्या की, काही हरकत नाही, आणि त्यात एक फायदा असा की उबुंटू प्रो नावाची सोय वैयक्तिक वापराला पाच मशीनपर्यंत फुकट आहे, ती चालू केली की पाचाची दहा वर्षं होतात, म्हणजे २४.०४ साठी थेट २०३४. झुबुंटू, लुबुंटू हेही हलके आहेत, मात्र त्यांच्या एलटीएसला तीनच वर्षं सपोर्ट असतो, हे बरेच जण बघत नाहीत. आणि मशीन खरोखरच पुरातन, ३२ बिटचं असेल, तर डेबियन १२ हा शेवटचा बरा आसरा, त्याचा एलटीएस जून २०२८ पर्यंत आहे. डेबियन १३ ने ३२ बिटचा इन्स्टॉलर काढून टाकला. २ जीबी रॅम आणि ३२ जीबी स्टोरेजवाले ॲटमचे ते छोटे लॅपटॉप-कम-टॅबलेट असतील तर त्यांच्या नादी लागू नका, वेळ जातो आणि हाती काही येत नाही.

हे कोणी हौशी लोकांचं खूळ समजत असेल तर केरळ बघा, तिथल्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं उबुंटूवर बेतलेली सिस्टिम चालते, काइट नावाची सरकारी संस्था ती तयार करते.

सॉफ्टवेअर बाजूला ठेवा, आधी एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी, चिपवाली डिस्क. हे मी हात जोडून सांगतो. दहा वर्षांचा लॅपटॉप हळू असण्याचं पहिलं कारण विंडोज नसतं, ती फिरणारी डिस्क असते. त्याच डिस्कवर मिंट टाकलंत तर विंडोजपेक्षा बरं वाटेल पण आठ दिवसांत "हेही स्लोच आहे" असं ऐकावं लागेल. २४० किंवा २५६ जीबीची, २.५ इंची, साटा (जोडणीचा प्रकार), ७ मिमी जाडीची एसएसडी घ्या. लॅमिंग्टन रोडवर जा किंवा गावातल्या दुकानात, फक्त ओळखीचा ब्रँड आणि बिल घ्या, आणि भाव आधी दोन ठिकाणी विचारा कारण हल्ली ते वर गेलेत. एम-डॉट-टू वाली, म्हणजे छोट्या पट्टीसारखी, नका घेऊ, त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती जागाच नसते आणि असली तरी बहुधा साटाच चालते, एनव्हीएमई हा नवा प्रकार नाही. रॅम वाढवायची असेल तर जुन्या पट्टीवर डीडीआर-थ्री लिहिलंय की डीडीआर-थ्री-एल ते नीट वाचा, एलवाली १.३५ व्होल्टवर चालते आणि पाचव्या पिढीला तीच लागते.

एसएसडी घेण्याचा दुसरा फायदा पैशात मोजता येत नाही: जुनी डिस्क काढून जशीच्या तशी बाजूला ठेवता येते. तिच्यावर विंडोज, फायली, सगळं शाबूत. मिंट नाही आवडलं तर चार स्क्रू उघडून परत लावा, काही झालंच नव्हतं. फक्त काढायच्या आधी विंडोज पूर्ण बंद करा, म्हणजे शिफ्ट दाबून धरून शटडाउन. नुसतं शटडाउन केलं की फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि नंतर ती डिस्क लिनक्सला लावली की फायली वाचता येतात पण लिहिता येत नाहीत.

डिस्क बदलताना: चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर काढा, आतली असेल तर कव्हर उघडल्या उघडल्या तिचं कनेक्टर सोडवा. खालचे स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात, म्हणून कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी सेलोटेपने चिकटवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो वर हाताच्या विसाव्यातून टेंगूळ काढतो, असे लॅपटॉप बघितलेत. जुनी डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत बसवलेली असते, ती चौकट चार स्क्रूंनी सुटते, तीच एसएसडीला लावायची, नाहीतर एसएसडी आत खुळखुळते. उघडलंच आहे तर पंख्यातली धूळ ब्रशने काढा. आणि बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर आल्यासारखं वाटत असेल तर तेच कारण असतं, तर सगळं थांबवा, आधी ती बदला, ती टोचू-दाबू नका.

एक गोष्ट मात्र विंडोज असतानाच करायची, बायोसचा (लॅपटॉप चालू होताच आधी जागं होणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट. बऱ्याच कंपन्या तो फक्त विंडोजच्या फाइलच्या रूपात देतात, नंतर आठवलं तर उगाच खटपट. चार्जर लावून आणि बॅटरीत दम असतानाच करा, मध्येच लाईट गेली तर बोर्ड जातो.

बॅकअप. जुनी डिस्क कपाटात असली तरी वेगळी कॉपी हवीच, कारण दहा वर्षांची डिस्क कधी मान टाकेल नेम नाही. आणि जे एसएसडी न घेता त्याच डिस्कवर मिंट टाकणार आहेत त्यांनी तर हा भाग दोनदा वाचा. "माझं सगळं डी ड्राइव्हला आहे, सी उडवा" असं लोक बिनधास्त सांगतात. सी आणि डी या बहुतेक लॅपटॉपमध्ये एकाच डिस्कच्या दोन वाटण्या असतात, इन्स्टॉलरमध्ये "पूर्ण डिस्क पुसा" निवडलं की डी पण गेला. बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फोटो, एखादी पीडीएफ उघडून बघा. वनड्राइव्ह चालू असेल तर ज्या फायलींवर ढगाचं चिन्ह आहे त्या लॅपटॉपवर नाहीतच, आधी उतरवून घ्या. ब्राउझरमधले पासवर्ड, टॅलीचा डेटा फोल्डर, आउटलुकची पीएसटी फाइल, या तीन गोष्टी हमखास राहतात. विंडोजच्या लायसन्सची काळजी नको, डिजिटल असेल तर ते मदरबोर्डला चिकटलेलं असतं, पुन्हा टाकलं तर आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

मग मिंटच्या साइटवरून एक्सएफसीईची आयएसओ फाइल उतरवा, तीन जीबीच्या आतबाहेर आहे, भारतातला मिरर निवडा. उतरली की चेकसम, म्हणजे फाइल धड उतरलीय का ते सांगणारा आकडा, ताडून बघा. सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर राइट क्लिक करून शा-२५६ चा आकडा मिळतो, तो साइटवरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. लोक हे टाळतात आणि मग अर्ध्यात इन्स्टॉल अडकलं की लॅपटॉपला शिव्या घालतात. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे हे लक्षात ठेवा, आणि रूफस किंवा बॅलेना एचरने त्यावर आयएसओ लिहा. नुसती कॉपी-पेस्ट केली तर बूट होत नाही, त्यासाठी व्हेंटॉय लागतं, तेही छान आहे पण पहिल्यांदा करणाऱ्याने रूफसच धरावं.

पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू करताना बूट मेन्यूची की टकटक दाबत राहा: डेल आणि लेनोव्होला एफ १२, एचपीला एफ ९ किंवा आधी एस्केप, आसुसला एस्केप. एसरला एफ १२ च आहे पण बरेचदा ती बायोसमध्ये जाऊन आधी चालू करावी लागते. यादीत पेन ड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्यापुढे यूईएफआय लिहिलंय तो घ्या. सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम चालू होऊ न देणारी बायोसमधली सोय) बंद करायची सहसा गरज नाही. इन्स्टॉलरला पुढे डिस्कच दिसली नाही तर बायोसमध्ये साटाचा मोड रेड किंवा आरएसटी आहे का बघा आणि तो एएचसीआय करा.

आता इन्स्टॉल लगेच नका करू. पेन ड्राइव्हवरून जो डेस्कटॉप उघडतो ना तो जिवंत आहे, डिस्कला हात न लावता चालतो. इथे अर्धा तास घालवा. वायफाय जोडा, यूट्यूब लावून आवाज ऐका, ब्राइटनेसच्या कीज दाबा, कॅमेरा उघडा, ब्लूटूथला हेडफोन लावा, झाकण मिटून परत उघडा आणि बघा जाग येते का. वेगावरून मत बनवू नका, पेन ड्राइव्ह हळूच असतो. वायफाय दिसलं नाही, ब्रॉडकॉमची चिप असेल तर होतं असं, तर फोन केबलने लावून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट येईल, इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजर त्याचा ड्रायव्हर शोधून देतो. एनव्हीडियाचं ८२०एम सारखं जुनं फर्मी पिढीचं कार्ड असेल तर त्याला लागणारा ३९० नंबरचा ड्रायव्हर २४.०४ मध्ये नाही, ते नूव्हो ड्रायव्हरवर चालतं, गेम विसरा, बाकी सगळं काम इंटेलचं ग्राफिक्स करतंच. ब्राउझरने प्रत्येक साइटला "सुरक्षित नाही" म्हणून अडवलं तर आधी घड्याळ बघा, तारीख २०१५ ची दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय, चाळीस-पन्नास रुपयांचं काम.

सगळं पटलं की डेस्कटॉपवरचं इन्स्टॉलचं चिन्ह. भाषा, कीबोर्ड, मग मल्टिमीडिया कोडेकची खूण करा. सिक्युअर बूट चालू असेल तर इथे एक पासवर्ड ठरवायला सांगतो, तो कागदावर लिहा, कारण इन्स्टॉल झाल्यावर पहिल्या रीस्टार्टला एक निळा पडदा येतो, एमओकेचा, तिथे "एनरोल" निवडून हाच पासवर्ड द्यायचा असतो. तो पडदा काही सेकंदच थांबतो, लोक चहा आणायला जातात, तो निघून जातो आणि नंतर वायफाय का चालत नाही म्हणून फोन येतो. डिस्कच्या पानावर, एसएसडी नवीन आणि एकटीच असेल तर "पूर्ण डिस्क पुसा" निर्धास्त निवडा. विंडोज शेजारी ठेवायचा पर्यायही असतो पण दहा वर्षांच्या लॅपटॉपवर दोन सिस्टिम कशाला, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की शोधत बसावं लागतं. लॅपटॉप घेऊन बाहेर फिरत असाल तर त्याच पानावर एन्क्रिप्शन निवडा, पासवर्ड विसरलात तर मात्र डेटा गेला. पुढे टाइमझोन कोलकाता, नाव, पासवर्ड, आणि एसएसडीवर पंधरा-वीस मिनिटांत सगळं उरकतं.

पहिल्यांदा सुरू झालं की स्वागताची खिडकी येते, ती बंद करू नका, तिच्यातच सगळं क्रमाने आहे. टाइमशिफ्ट चालू करा, रोजची दोन आणि आठवड्याची दोन स्नॅपशॉट पुरे. अपडेटने काही बिघडलं तर कालच्या स्थितीला परत जाता येतं. पण टाइमशिफ्ट तुमचे फोटो आणि कागद ठेवत नाही, तो फक्त सिस्टिम ठेवतो, त्याला बॅकअप समजू नका. मग अपडेट मॅनेजर, पहिल्यांदा बराच मोठा ढीग येईल, घेऊन टाका.

मराठी टायपिंग: सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउटचा टॅब, "सिस्टिम डिफॉल्ट" ची खूण काढा, ॲड दाबा, इंडियनच्या आत मराठी सापडेल. सरकारी टायपिंगवाल्यांनी इनस्क्रिप्ट घ्यावा, उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांनी कागपा फोनेटिक. तिथेच लेआउट बदलायची की ठरवता येते.

खरी गंमत जुन्या फायलींची. आमच्या मामांच्या लॅपटॉपला मिंट टाकलं, ते सोसायटीचे सेक्रेटरी, सगळी पत्रं श्री-लिपीत टाइप केलेली. लिब्रेऑफिसमध्ये फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि कंस-कॉमे. मामा म्हणाले, "अरे, हे काय केलंस? थकबाकीची नोटीस कुठंय?" नोटीस तिथेच होती. श्री-लिपी, कृतिदेव, आयएसएमचे डीव्हीबी-टीटी सुरेख वगैरे जुने फॉन्ट युनिकोड (सगळ्या भाषांची अक्षरं साठवायची एकच पद्धत) नाहीत, मुळात फाइलमध्ये इंग्रजीच अक्षरं साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी कपडे चढवतो. जुन्या डिस्कच्या विंडोज फोल्डरातल्या फॉन्ट्समधून त्या फॉन्टच्या फायली उचलून मिंटवर डबल क्लिक करून इन्स्टॉल केल्या की पत्रं जशीच्या तशी दिसायला लागली. वाचायला-छापायला एवढं पुरतं. पुढे जे नवीन लिहाल ते युनिकोडमध्ये लिहा, आणि महत्त्वाची जुनी पत्रं कन्व्हर्टरमधून काढून युनिकोड करून ठेवा. मंगल फॉन्टमधल्या फायलींना हा त्रास नाही, त्या युनिकोडच असतात, फक्त मिंट त्यांना नोटो किंवा लोहित लावतो त्यामुळे ओळी थोड्या सरकतात.

काय चालणार नाही ते टाकायच्या आधी ऐका. टॅली थेट चालत नाही. एमएस ऑफिस नाही, लिब्रेऑफिस आहे, साध्या पत्राला आणि हिशोबाला उत्तम, पण मॅक्रो भरलेल्या एक्सेलला नाही. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरून टेंडर किंवा रिटर्न भरणाऱ्यांनी जुनी विंडोज डिस्क हाताशी ठेवावी, ती सॉफ्टवेअरं बहुतेक विंडोज धरूनच केलेली असतात. सातबारा, बँक, व्हॉट्सॲप वेब हे सगळं ब्राउझरमध्ये असल्यामुळे काही फरक पडत नाही. प्रिंटर मात्र आधी पेन ड्राइव्हवरच्या त्या जिवंत डेस्कटॉपवरच तपासा: एचपीचे बहुतेक बिनबोभाट चालतात, पण घरोघरी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० असेल तर त्याला कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणं हे चिकाटीचं काम आहे.

ज्यांच्याकडे आधीच जुनं उबुंटू आहे, २०.०४ वगैरे, त्याचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला. त्यांना थेट २४.०४ वर उडी मारता येत नाही, आधी २२.०४, मग २४.०४, आणि प्रत्येक टप्प्याला बाहेरून जोडलेले पीपीए (सॉफ्टवेअर मिळण्याच्या जादा जागा) बंद होतात. मी तर म्हणतो होम फोल्डर कॉपी करून नवं कोरंच टाका, कमी वेळ लागतो. आणि नवी एलटीएस आली की पहिल्याच दिवशी घ्यायची घाई नको. उबुंटू स्वतःच जुन्या एलटीएसवाल्यांना अपग्रेडची सूचना साधारण तीन-चार महिन्यांनी, पहिली दुरुस्त आवृत्ती निघाल्यावर देतं.

रोजच्या वापरात करायचं एवढंच, खाली कोपऱ्यात ढालीचं चिन्ह असतं, त्यावर ठिपका दिसला की आठवड्यातून एकदा क्लिक करून अपडेट घ्यायचे. घरातल्या ज्येष्ठांना तेही नको असेल तर अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्समध्ये ऑटोमेशनचा टॅब आहे, तिथे आपोआप चालू करून द्या. कर्नल (सिस्टिमचा गाभा) बदलायच्या मेन्यूत मात्र, सगळं नीट चालू असेल तोवर, जाऊ नका.